लिफ्ट बंद आहे

काकांच्या घरामागच्या ज्या खोलीत पूर्वी गाडी उभी राहायची, तिथे आता भिंतीभर गाद्या उभ्या होत्या. रेडिओ केंद्रात चौतीस वर्षं माणसांचे आवाज टेपवर उतरवून काका निवृत्त झाले, आणि चार महिने नुसते घरात बसल्यावर काकूच म्हणाल्या, "अहो, काहीतरी करा, नाहीतर मला तरी काहीतरी करावं लागेल." मग गाडी गेली, गाद्या आल्या, मधोमध काच बसली, एक कॉम्प्युटर आला. तिथे काका अंधांच्या वाचनालयासाठी पुस्तकांचं रेकॉर्डिंग करत. वाचायला येणारे बहुतेक निवृत्त शिक्षक. ते सावकाश वाचत, मध्येच पाणी पीत, आणि ते गेल्यावर काका त्यांचे खोकले, घोट आणि श्वास तांदळातल्या खड्यांसारखे एकेक वेचून फेकून देत. या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. स्वतःबद्दल एवढी एकच गोष्ट त्यांना खात्रीने माहीत होती. बाकी बाबतींत ते स्वतःच्या दारावरची पाटी दोनदा वाचून मग आत शिरणाऱ्यांपैकी होते.

त्या खोलीत एका रविवारी 'पाचवा मजला' येऊन दाखल झाला.

'पाचवा मजला' हे पाच जणांच्या टोळीचं नाव. ते हिप हॉप करत, म्हणजे ठेक्यावर भराभर, यमकं जुळवत बोलत. आणि ज्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावरच्या गच्चीवर त्यांची तालीम चाले तिची लिफ्ट कित्येक वर्षं बंद होती, म्हणून हे नाव. त्यांतला वकील हा वकील नव्हता, कुरियरची पाकिटं वाटायचा. पण वादात त्याला कुणी हरवल्याचं ऐकिवात नव्हतं. डबा गाड्यांच्या पत्र्याचे पोचे काढायच्या कारखान्यात होता आणि सगळ्या गाण्यांचा ठेका तोच बांधायचा. उजवा आणि डावा हे जुळे. त्यांच्यातला कोण कुठला, हे म्हणे त्यांची आईसुद्धा हाक मारून बघते, ओ देईल तो. आणि पाचवी ठिणगी. वेल्डिंगच्या शेडमध्ये काम करायची, मनगटांवर भाजल्याचे बारीक ठिपके, बोलणं कमी. वकिलाची मावशी वाचनालयासाठी वाचायची, तिच्याकडून त्यांना काकांचा पत्ता लागला. आजवर त्यांनी जे काही केलं ते फोनवर केलेलं. खऱ्याखुऱ्या स्टुडिओतला हा त्यांचा पहिलाच अल्बम.

"भांडतायत का ते?" पहिल्या रविवारी काकूंनी चहा आणताना विचारलं.

"काम करतायत," काका म्हणाले. त्यांनाही नक्की माहीत नव्हतं.

तिसऱ्या रविवारपर्यंत मात्र त्यांचं मत बनलं होतं, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ही पोरं वेळेवर यायची. चपला ओळीने काढायची. वायरी गुंडाळून जागच्या जागी ठेवायची. चौतीस वर्षांत केवढी मोठमोठी माणसं काकांच्या माइकपुढे बोलून गेली, पण वायर गुंडाळणारं हे पहिलंच पीक. आणि त्यांची गाणं ऐकायची रीत तर काकांनी कुठेच पाहिली नव्हती. गाणं तयार झालं की पाचही जण स्पीकरकडे पाठ करून जमिनीवर बसत. कुणी कुणाचं तोंड बघायचं नाही. ज्याला पटलं नाही त्याने उठून उभं राहायचं, आणि एक जरी उभा राहिला तरी गाणं पुन्हा करायचं. एकदा उजवा एकाच गाण्याला अकरा वेळा उठला. अकराव्यांदा डावा त्याला म्हणाला, "अरे, तुला खाली बसता येत नाही का? जन्मताना पण असाच घाईने आधी उठून आलास!" सगळे हसले, आणि बारावी खेप केली. बाराव्यांदा काकांना कळलं की उजव्याचं अकराही वेळा बरोबर होतं.

अल्बमचं नाव 'लिफ्ट बंद आहे'. शेवटचं गाणंही त्याच नावाचं, आणि त्यातली पाचही कडवी ठिणगीची. एक मुलगी आईचं जुनं शिवणयंत्र पाच मजले चढवते, एवढीच गोष्ट. मजल्यागणिक एक कडवं. बाकीचे चौघे जिन्यातले शेजारी, दारं उघडून मध्ये मध्ये बोलणारे.

पहिल्याला हसले, दुसऱ्याला घसरले,
तिसऱ्यावर पायांना पायच विसरले,
चौथ्याला कुणी म्हणे, टेकव की जरा —
टेकवलं की संपलं, हा नियम खरा.

चौथ्या कडव्यातल्या या ओळी तिने म्हटल्या तेव्हा काका काचेपलीकडे बसून हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरत होते. एक गोष्ट त्यांना तेव्हा विचित्र वाटली होती. प्रत्येक कडव्याआधी ती खोलीतून बाहेर जायची आणि दोन-चार मिनिटांनी परत यायची. 'पोरगी घाबरतेय,' असं त्यांनी मनात म्हटलं आणि तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तिकडे बघणंच टाळलं.

ते गाणं झालं आणि आठ दिवसांत ठिणगीचा आवाज बसला. बसला तो उठेचना. घशाच्या डॉक्टरांनी आत बघितलं, गाठ आहे म्हणाले, सोमवारी काढून टाकू; तोवर आणि त्यानंतर महिनाभर तोंडातून एक शब्द काढायचा नाही. आणि नंतर आवाज हाच असेल का? ते सांगता येत नाही, असं ते म्हणाले. तेव्हापासून ती गळ्यात एक छोटी पाटी अडकवून यायची आणि खडूने लिहून बोलायची. खडू हातात असतानाही तिचं बोलणं कमीच होतं.

म्हणजे त्या गाण्यात होता तेवढाच तिचा तो आवाज. काकांना हे कळत होतं, आणि म्हणूनच पुढचं सगळं झालं.

गुरुवारी दुपारी घरात शांतता असताना काका त्या गाण्याला बसले. सगळ्यांचे आवाज कॉम्प्युटरात वेगवेगळे ठेवलेले. त्यांनी सर्वांत आधी ठिणगीचा घेतला. या पोरीचा आवाज असा करून द्यायचा की उद्या तिला तो ऐकताना कुठे बोट ठेवायला जागा राहू नये, असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी एकेक श्वास शोधला आणि काढला. शिक्षकांच्या श्वासांपेक्षा हे श्वास मोठे होते, धसमुसळे होते, शब्दांना चिकटलेले होते. पण काकांचा हात बसलेला. ठिकठिकाणी डब्याच्या ठेक्यातच भोकं दिसली, नेमकी तिच्या श्वासाच्या जागी. 'इथे डबा चुकलाय, सांगायला हवं,' असं त्यांनी कागदावर टिपूनही ठेवलं. संध्याकाळपर्यंत पाचही कडवी धुतल्यासारखी स्वच्छ झाली. मग त्यांनी जुनी फाइल काढून टाकली आणि कॉम्प्युटरची कचरापेटीही रिकामी केली.

हे ते नेहमीच करत. रेडिओवर असताना एकदा एका विद्वानांच्या व्याख्यानाच्या दोन टेपा कपाटात राहिल्या होत्या, आणि प्रसारणाला नेमकी न कापलेली गेली. गावभर लोकांनी त्या विद्वानांना ठसकताना आणि "अरे, पाणी आणतोस का मरू मी?" असं ओरडताना ऐकलं. त्या दिवसापासून काकांचा नेम होता: एका गोष्टीची एकच टेप.

शनिवारी सकाळी सगळे आले. पाठ करून बसले. काकांनी गाणं लावलं, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच ते कुणाची तरी शाबासकी मिळायची वाट बघत बसले.

पहिलं कडवं अर्धं झालं नाही तोच ठिणगी उठून उभी राहिली. मागोमाग डबा. मग जुळे दोघे एकदमच. वकील तेवढा बसून राहिला, पण त्याने डोकं दोन्ही हातांत धरलं होतं.

काकांनी गाणं थांबवलं. "काय झालं?"

डबा म्हणाला, "काका, श्वास कुठेत?"

"काढले. सगळे काढले," काका म्हणाले. त्यांना अजून वाटत होतं की हे कौतुकाच्या वाटेने चाललंय. "आणि ते ठेक्यात तुझी भोकं राहिली होती बघ..."

"भोकं नाहीत ती. ती तिची जागा आहे. तिथे मी वाजवतच नाही, तिथे ती वाजते." डब्याने मांडीवर ठोका धरून दाखवला. दोन ठोके, मग हवेत थांबलेला हात, मग पुन्हा ठोका.

वकील खालूनच म्हणाला, "काका, पोरगी शिवणयंत्र घेऊन पाच मजले चढतेय आणि तिला धाप लागत नाही. तुम्ही लिफ्ट सुरू केलीत."

एरवी या वाक्यावर जुळ्यांनी टाळ्या दिल्या असत्या. आता कुणी हसलं नाही.

"मग जुनं लावा ना," डावा म्हणाला. "जुनं असेलच की."

काकांनी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी जे केलं होतं ते सगळं सांगितलं, कचरापेटीपर्यंत. व्याख्यानाची गोष्ट सांगितली नाही. ती आता त्यांना स्वतःलाच सबब वाटली. "तुमच्यापैकी कुणाकडे प्रत?"

"तुमच्याकडे होतं म्हणून आम्ही ठेवलीच नाही," डबा हळूच म्हणाला. हे काकांना सगळ्यात जास्त लागलं.

उजव्याने मग एक उपाय काढला. "माझा श्वास घाला. श्वासाला काय नाव लिहिलेलं असतं?" काकांनी तेही करून पाहिलं. उजवा माइकपुढे धापा टाकून आला, त्या धापा काकांनी तिसऱ्या कडव्यात बसवल्या, आणि सगळ्यांनी ऐकलं.

"हे तर तिच्या मागे जिन्यात कुणीतरी दबा धरून बसलंय असं वाटतंय," डावा म्हणाला. "पोलिसांना फोन करावासा वाटतो."

आता मात्र हसू आलं, ठिणगीलासुद्धा. ती बिनआवाजाचं हसली, खांदे हलवत, आणि हसता हसता थांबली. तिने पाटी पुसली, लिहिलं आणि काकांपुढे धरली.

"मी घेते ना."

"तुला बंदी आहे," वकील म्हणाला. "एक शब्द नाही म्हणालेत."

तिने खाली लिहिलं, "शब्द कुठे म्हणतेय? श्वास."

वादात वकिलाला कुणी हरवल्याचं काकांनी तेवढं एकदाच पाहिलं. तरी त्याने खात्रीसाठी डॉक्टरांना फोन लावला. "डॉक्टर, आमच्या पेशंटने श्वास घेतला तर चालेल का?" पलीकडचं ऐकून त्याने फोन छातीशी धरला. "विचारतायत, आजपर्यंत काय करत होती?" मग त्याने जिना, धापा, सगळं नीट समजावून सांगितलं, आणि डॉक्टर म्हणाले, जिने चढा, धापा टाका, कंठातून सूर मात्र काढू नका.

तेव्हा काकांना कळलं की ती मागे कडव्याआधी बाहेर कुठे जायची.

घराच्या बाजूने गच्चीवर जाणारा अठरा पायऱ्यांचा जिना होता. पहिल्या कडव्यासाठी ठिणगी तो एकदा चढून उतरून आली. आत शिरली, हेडफोन लावला, माइकपुढे उभी राहिली. तिच्या कानात तिचाच धुतलेला आवाज वाजू लागला, आणि ती त्याच्याबरोबर ओठ हलवू लागली, अक्षरही न काढता. जिथे जागा आली तिथे तिने श्वास घेतला. नाकाने, तोंड मिटून. आता कुठे सुरुवात आहे, अजून ऐट आहे, असा.

दुसऱ्याला ती दोनदा चढून आली, आणि तो श्वास तोंडाने होता. तिसऱ्यासाठी उजव्याने तिच्या हातात काकांचं जुनं टेपयंत्र दिलं. ते दोन माणसांनी उचलायचं यंत्र. डब्याने ते हिसकावून घ्यायला हात पुढे केला, तर तिने कोपराने त्याला बाजूला सारलं आणि एकटीनेच नेलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकू ओरडल्या, "अहो, ती पोरगी तुमचं सामान घेऊन कुठे निघाली? आणि तुम्ही नुसते बघताय?"

"बघू दे," काका म्हणाले. काकूंना असं उत्तर त्यांनी लग्नानंतर दिलं नसावं.

तिसऱ्या कडव्यात श्वास मध्येच अडकत होता. शब्द सुरू होण्याआधी घशात कुठेतरी एक पायरी चुकायची आणि मग तो वर यायचा. काकांनी चौतीस वर्षं श्वास ऐकले होते ते काढून टाकण्यासाठी, दार उघडायला गेलेला माणूस दाराकडे बघतो तेवढेच. आता फक्त तेच ऐकत असताना त्यांच्या लक्षात आलं की या पोरीने शब्द लिहिले त्याच हाताने श्वासही लिहिले होते. कुठला अर्धा, कुठला लांब, कुठला शब्दाच्या शेपटीवर पाय देणारा. सगळं ठरलेलं. त्यांनी मागे बघितलं. डबा भिंतीशी उभा राहून मांडीवर ठेका धरत होता, आणि ती आत, काचेपलीकडे, त्याच्याकडे न बघता, नेमकी त्याच्या थांबलेल्या हातात श्वास ठेवत होती.

चौथ्या कडव्यासाठी ती बाहेरून आली तेव्हा केस कपाळाला चिकटले होते. 'टेकव की जरा' ही ओळ आली. त्यानंतरच्या मोकळ्या जागेत काका श्वासाची वाट बघत होते, डब्याचा हात हवेत थांबला होता, आणि तिने श्वास घेतलाच नाही. रोखून धरला. पुरी ओळ तशीच गेली. मग 'हा नियम खरा' संपलं आणि तिने तो सोडला.

"चुकली का?" काकांनी दबक्या आवाजात विचारलं.

"नाही," डबा म्हणाला. "आधीपण असंच होतं. त्या जागी तुम्हाला काढायला काही मिळालंच नसेल."

खरंच मिळालं नव्हतं. गुरुवारी त्या जागेवरून काका शांतता म्हणून पुढे गेले होते.

पाचव्या कडव्यात ती धापाच टाकत नव्हती. मुलगी दारात पोचलेली, आई दार उघडते, आणि एकच लांब उच्छ्वास, इतका लांब की काकांनी आवाज मोजणाऱ्या सुईकडे बघत राहून दोनदा विचार केला की आता संपेल. तो देऊन झाल्यावर ठिणगीने हेडफोन काढला, खाली बसली आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

रविवारचा पूर्ण दिवस काकांनी ते श्वास जागच्या जागी बसवण्यात घालवला. एकेक श्वास, त्याच्या शब्दाशी, त्याच्या ठोक्याशी. डबा शेजारी बसला होता आणि काका दर वेळी त्याला विचारत होते, "हा इथेच ना? नक्की ना?" डबा एकदाही कंटाळला नाही. दुपारी काकूंनी दोघांची ताटं तिथेच आणून दिली आणि काय चाललंय म्हणून उभ्या राहिल्या. गाणं संपलं तेव्हा त्या दारातल्या पायरीवर बसल्या होत्या. "दमवलं मेलीने," एवढंच म्हणाल्या.

सोमवारी सकाळी नऊला ऑपरेशन. काका आठलाच दवाखान्यात पोचले. व्हरांड्यातल्या बाकावर ठिणगी हिरव्या अंगरख्यात बसली होती, शेजारी तिची आई आणि वकील. जुळे आणि डबा कुठेतरी चहा शोधत होते. बाई, माझं चुकलं, असं काहीतरी काका रस्ताभर घोकत आले होते. ते सगळं विसरलं. त्यांनी खिशातून फोन आणि कानात घालायच्या वायरी काढल्या आणि नुसतं पुढे केलं.

तिने ते कानांत घातलं. काका उभेच राहिले. काहीच ऐकू येत नव्हतं, पण त्यांना ऐकायची गरजही पडली नाही. तिचे खांदे किंचित वर आले, तोंड मिटलेलं: पहिला मजला. मग ओठ उघडले: दुसरा. तिसऱ्याला खांदे अडखळून वर आले. काका तिच्या खांद्यांवरून गाणं वाचत होते, आणि एकही श्वास चुकीच्या जागी आला नव्हता.

तेवढ्यात परिचारिका आली. "चला हो, डॉक्टर थांबलेत."

ठिणगीने मान वर न करता एक बोट दाखवलं.

"अहो, आत सगळी तयारी झालीय..."

"थांबा जरा," काका म्हणाले. त्यांचा आवाज व्हरांड्यात जरा जास्तच मोठा उमटला आणि बाकावरची दोन-तीन माणसं वळून बघू लागली. ते कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले, तरी त्यांनी पुन्हा म्हटलं, "चौथ्या मजल्यावर आहे ती."

परिचारिका त्यांच्याकडे बघतच राहिली. ठिणगीने श्वास रोखून धरला होता. वकिलाने घड्याळाकडे पाहिलं नाही. आईने मुलीच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग खांदे खाली आले, आणि काही वेळाने, सावकाश, ती पाचव्या मजल्यावर पोचली.

तिने वायरी काढून काकांच्या हातात दिल्या, त्यांची मूठ क्षणभर धरली, आणि परिचारिकेच्या मागोमाग आत गेली.